बिरूअण्णांची समुद्राकडची भिंत

बिरूअण्णांनी मला पहिला लुअर विकायला अडीच महिने लावले. लुअर म्हणजे खोटा मासा. धातूचा, लाकडाचा नाहीतर रबराचा. आमिषाऐवजी दोरीला लावून पाण्यातून ओढायचा. माझी घ्यायची तयारी होती, त्यांच्या भिंतीवर पन्नासेक लुअर लोंबत होते, आमच्या दोघांच्या मध्ये फक्त एक सागवानी फळी होती. तरी ते देईनात.

“समुद्रावर जायाचं हाय न्हवं तुला?” ते म्हणायचे. “मंग आदी पिपात बस.”

पीप म्हणजे दुकानासमोर ठेवलेलं, उभं चिरून आडवं केलेलं निळं प्लास्टिकचं पीप. एरवी गुरांना पाणी पाजायला लोक नेतात ते. त्यात पाय लांब करून बसायचं आणि आष्ट्याच्या भरबाजारात गळाची काठी फिरवून रस्त्यापलीकडच्या रसूलभाईंच्या गादी कारखान्याच्या पायरीवर ठेवलेल्या कापसाच्या बोळ्यावर नेम धरायचा. येणारेजाणारे थांबायचे. कुणी विचारायचं, “अण्णा, ह्येला काय झालंय?” अण्णा गंभीरपणे सांगायचे, “कायाकवर, म्हंजी होडीत बसलाय. मदी बोलू नगा.”

मी बोलका माणूस नाही. जवळच्या एका गावात जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर आहे. जनावरांशी फार बोलावं लागत नाही, म्हणून ही नोकरी मला मानवली. लोक मला डॉक्टर म्हणतात, ते मी आजवर दुरुस्त केलेलं नाही. अण्णांविषयी लिहायचं तर मला माझी एक गोष्ट कबूल करावी लागते, आणि ती या ‘डॉक्टर’पेक्षा फार वाईट आहे. म्हणून आजवर लिहिलं नाही. ती गोष्ट येईलच. आधी अण्णा.

अण्णा मूळचे माणदेशातले, दहिवडीच्याही पुढचे. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घर. मेंढरं अण्णांच्या हातून सुटली, पण दोर सुटला नाही. दोर वळायची कला त्यांनी फलटणच्या जनावरांच्या बाजारात बसून उचलली आणि आष्ट्यात येऊन दुकान टाकलं. दावी, कासरे, बैलांच्या तोंडाला बांधायच्या म्होरक्या, चाबूक, घुंगुरमाळा. तीन भिंती या मालाच्या. चौथ्या भिंतीवर मात्र रीळ, काठ्या, लुअर, गळ, पक्कडी, जाळीचे झेले आणि एक भडक नारिंगी लाइफ जाकीट. ही भिंत पश्चिमेची. “समुद्र त्या अंगाला हाय, म्हनून माल बी त्या अंगाला,” असं ते सांगायचे. जणू भिंत नसती तर तो तिथूनच दिसला असता.

गंमत अशी, की अण्णांनी समुद्र पाहिलेला नव्हता. म्हणजे अगदीच नाही असं नाही. बारा वर्षांचे असताना वडिलांच्या मेंढरांमागं कोकणाच्या कडेपर्यंत गेले होते. एका कड्यावरून लांब पांढरी रेघ दिसली. वडील म्हणाले, त्यो बग समुद्र. तेवढ्यात मेंढरं वळली, आणि मेंढरांबरोबर अण्णाही. साठ वर्षं ती रेघ डोक्यात राहिली. पुढे फौजेतल्या मुलानं हातात फोन दिला आणि अण्णा जगभरातल्या कयाकवाल्यांचे व्हिडिओ बघू लागले. आवाज बंद करून. “भाषा कुनाला कळती? हात बघायचे. गाठ कशी मारतो, काठी कशी धरतो, मासा लागल्याव तोंड कसं करतो.” डोक्याला लाल पटका, अंगात बंडी, आणि फोनवर कुठल्या तरी लांबच्या समुद्रात एक गोरा माणूस माशाशी झुंजतोय. अण्णा त्याला मोठ्यानं सूचना द्यायचे. “ढील दे, ढील दे! अगं आय, तुटलं. सांगत हुतो ह्येला!”

सत्तेचाळिसाव्या वर्षी मला या कयाकचं वेड लागलं. एका माणसाची अरुंद प्लास्टिकची होडी, दोन टोकांचं वल्हं. धरणाकाठच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधून मी ती पिवळी वस्तू उचलून आणली तेव्हा बायको म्हणाली, “म्हैस आणली असती तर निदान शेण तरी मिळालं असतं.” ते खरंच होतं. मासेमारीचं सामान कुठं मिळेल म्हणून चौकशी केली तर जो तो म्हणाला, बिरूअण्णा.

पहिल्या दिवशी मी फोनमध्ये उतरवून घेतलेली यादी वाचून दाखवली. चौतीस वस्तू होत्या. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, “लगीन करायला निघालायस का मासं धरायला?”

मग त्यांनी एक स्टीलचं ताट काढलं. त्यात पाच लुअर मांडले. धनगर शेळ्यांना रंगावरून नावं ठेवतात, तशी या पाचांची नावं होती. चमकती पत्र्याची चांदी, अंगावर ठिपके असलेली भोरी, काळ्या पाठीची काळुंद्री, रबरी शेपटीची लाडी आणि पाण्यावर बुडबुड करत चालणारी भवानी. “चांदी खोल जाती. तीस-चाळीस ग्रामची घे, वाऱ्यात बी लांब पडती. भोरी कायाकमागं सोडायची आनि वल्हं मारत ऱ्हायाचं, ती आपली पवत येती. काळुंद्री गढूळ पान्याला. लाडी खडकाच्या कडंला. आनि भवानी सकाळी सकाळी, समुद्र गप असला म्हंजी. पाचाच्या वर सहावी मागितलीस तर दुकान बंद.”

“आणि काठी?”

“सात फूट. लांब घेतलीस तर होडीत बसून फिरवता येत न्हाई, आकूड घेतलीस तर मासा होडीच्या टोकाला वळसा घालून दोरी कापतो. रीळ चार हजार नंबरचं. धा हजारी घेऊन जानारं लय बघितलंत; मनगट सुजवून माघारी येत्यात.” मग हळू आवाजात, जणू गुपित सांगावं तसं म्हणाले, “लुअरला तीन तोंडाचं गळ असत्यात न्हवं? ते काढायचं. एकतोंडी लावायचं. मासा मांडीवर येतो गड्या, मांडीवर! तीन तोंडं म्हंजी एक माशाला, दोन तुला.”

असं सगळं सांगितलं आणि विकलं काहीच नाही. पिपात बस म्हणाले.

सरावाच्या लुअरचे गळ अण्णांनी पक्कडीनं काढून टाकलेले असत. एकदा अण्णा आत चहा पीत असताना मी हळूच भिंतीवरची चांदी काढली, गळासकट, आणि बांधली. मोठ्या माणसासारखं वाटत होतं. काठी मागं घेऊन जोरात फेकली. त्याच क्षणी रस्त्यावरून कारखान्याला निघालेला उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रेलरचा, आडवा आला आणि चांदी मागच्या ट्रेलरमधल्या उसात जाऊन रुतली.

रीळ किंचाळायला लागलं. अण्णा हातात बशी घेऊन बाहेर आले आणि त्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. असा आनंद मी लग्नातल्या नवऱ्याच्या तोंडावरही पाहिलेला नाही.

“काठी वर! वर धर! खेचू नगो, पळू दे त्येला!”

“अण्णा, तो ट्रॅक्टर आहे!” रसूलभाई पलीकडून ओरडले.

“असू दे! सुरमईची धाव अशीच असती! डाक्टर, रिळाचं चाक सैल कर! आता ऊठ, मागं पळ!”

मी पिपातून उठून पळालो. हातात वाकलेली काठी, मागे अण्णा बशीसह, त्यांच्यामागे अंगभर कापूस लागलेले रसूलभाई आणि बाजारातली आठदहा माणसं. स्टँडजवळच्या गतिरोधकावर ट्रॅक्टर मंदावला. “दमला! दमला त्यो! गुंडाळ आता!” मी गुंडाळत गुंडाळत ट्रेलरपर्यंत पोचलो. ड्रायव्हरला वाटलं ऊस चोरायला आलेत. अण्णांनी त्याला बाजूला घेऊन काहीतरी समजावलं. काय ते माहीत नाही, पण तो खाली उतरून माझी काठी निरखून बघू लागला. चांदी निघाली ती एक अख्खा ऊस घेऊनच. अण्णांनी तो गुडघ्यावर मोडून सगळ्यांना वाटला. “पयली शिकार हाय डाक्टरची. न्हाई म्हनू नगा.” रस्त्याच्या कडेला आम्ही सगळे ऊस चघळत उभे होतो आणि मी, जो चारचौघात कधी हसत नाही, तो तोंडातून रस गळेपर्यंत हसत होतो.

त्या दिवशी अण्णांनी मला चांदी विकली. चोरल्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. फक्त म्हणाले, “इच्यारलं असतंस तरी न्हाईच म्हनलो असतो. तवा बरं केलंस.”

त्यानंतर कृष्णेवर नेलं. दहा वेळा कयाक मुद्दाम उलटी करायची आणि दहा वेळा पाण्यातून परत तिच्यावर चढायचं. अण्णांना पोहता येत नव्हतं, म्हणून ते काठावर शिट्टी घेऊन उभे. मी बुडतोय, वर येतोय, चढतोय, पुन्हा पडतोय. धुणं धुणारी एक बाई बराच वेळ बघून म्हणाली, “आवं, ह्यो मानूस जीव द्यायला आलाय का?”

“न्हाई गं बाय, शिकायला आलाय.”

“मंग येवड्या येळा करून बी जमंना व्हय त्येला?”

अण्णा हसता हसता शिट्टी गिळायचे राहिले.

आता दाव्याबद्दल. अण्णांचं सगळ्यात मोठं तत्त्व असं, की होडीत सुटं काही ठेवायचं नाही. काठी, वल्हं, पक्कड, पाण्याची बाटली, सगळं दाव्यानं होडीला बांधायचं. “शेरडू सुटलं तर हाक मारून येतं. काठी येती का?” ही दावी ते स्वतः वळायचे. आत नायलॉनचा गाभा, वर सुताचा पीळ, दोन्ही टोकांना कडी आणि एका टोकाला बैलाच्या म्होरकीला असतो तसा लालभडक गोंडा. दुकानामागं त्यांचा एडका, म्हणजे दांडगा मेंढा, बांधलेला असे, नाव पैलवान. नवं दावं आधी पैलवानाच्या गळ्यात बांधायचं, समोर घमेलंभर मका ठेवायचा, आणि तो जीव खाऊन ओढायला लागला की अण्णा घड्याळ बघायचे. पाच मिनिटं टिकलं तर पास. “येडक्यानं पास केलेलं हाय,” हे ते गिऱ्हाइकाला असं सांगायचे, की सरकारी शिक्काही त्यापुढं फिका वाटावा. आजवर अण्णांचं एकही दावं तुटलेलं नव्हतं. बैलाचं नाही, म्हशीचं नाही, एडक्याचं नाही. यात त्यांचा सगळा जीव होता. बाकी मस्करी त्यांची कितीही करा, दाव्याची करू नका.

मी निघायच्या आधी त्यांनी भिंतीवरच्या खुंटीवरची त्यांची स्वतःची काठी काढून दिली. ती विकायची नव्हती. “ही न्हे. माझ्यावानी बसून ऱ्हायलीय बिचारी.” आणि तिच्यासाठी नवं दावं, गोंड्यासह. माझं त्यांना वचन होतं, की पहिल्यांदा समुद्रावर जाईन तेव्हा त्यांना घेऊन जाईन.

नेलं नाही.

कयाकवाल्यांच्या ग्रुपवर सांगलीचे दोघे ओळखीचे झाले होते. त्यांच्या मोठ्या गाडीच्या टपावर तीन कयाक मावत होत्या आणि गाडीत एक जागा रिकामी होती. ती अण्णांना देता आली असती. पण मला दिसायला लागलं, की लाल पटक्यातले अण्णा किनाऱ्यावर उभे राहून ओरडताहेत, डाक्टर, ढील दे! आणि ते दोघं एकमेकांकडं बघताहेत. मी अण्णांना सांगितलं, बेत पुढं गेला. आणि शनिवारी पहाटे इस्लामपूरवरून, अंबा घाट उतरून निघून गेलो. किनाऱ्यावर सामान लावताना त्या दोघांची दावी बघितली: काळ्या प्लास्टिकची, स्प्रिंगसारखी, टेलिफोनच्या वायरीसारखी. मी गोंडेवालं दावं गाडीच्या सीटखाली सरकवलं.

खाडीच्या तोंडाशी समुद्र अगदी गप होता. तासाभरानं मी काठी मांडीवर आडवी ठेवली, बायकोला फोटो पाठवावा म्हणून जाकिटातून फोन काढला, एक बारकी लाट बाजूनं आली. काठी सळकन गेली. आवाजसुद्धा झाला नाही. पाणी एवढं हिरवं होतं, की खाली जाताना थोडा वेळ दिसत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तेव्हा मी अण्णांना काय सांगायचं ते ठरवून गेलो होतो. आधी सांगितलं, की अचानक जावं लागलं. मग सांगितलं, की मोठा मासा लागला. फार मोठा. काठी हातातून गेली.

अण्णा फळीवरून अर्धे उठले. “कसला? सुरमई?”

“दिसला नाही. पण फार मोठा.”

“मंग दावं?”

“दावं तुटलं.”

अण्णा परत फळीवर बसले. मग अगदी हळू विचारलं, “कुटं तुटलं? गाठीपाशी का मदी?”

गाठीपाशी म्हणालो असतो तर चूक बांधणाऱ्याची, म्हणजे माझी. मी म्हणालो, “मध्ये.”

हा एक शब्द. आयुष्यात मी याहून मोठ्या गोष्टी लपवल्या असतील, पण असा शब्द दुसरा बोललेलो नाही. अण्णांनी मान हलवली, आत जाऊन माझ्यासाठी चहा आणला, काठीचं नावही काढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गावभर सांगायला लागले, की डाक्टरला राक्षस लागला हुता, पर आपलं दावं कमी पडलं. पहिला भाग अंग फुलवून, हात पसरून सांगायचे. दुसरा भाग सांगताना पटका सारखा करायचे.

आठवड्यानं गेलो तर समुद्राकडच्या भिंतीवरची सगळी दावी उतरवलेली. अकरा होती. अण्णांनी ती विळ्यानं मधोमध चिरून बघितली होती, पीळ कुठं चुकतो ते शोधायला. चुकत कुठंच नव्हता. न चुकलेली चूक माणसाला सापडणार कशी? पीप भिंतीला उभं लावलं होतं. कोरेगावकडून दोघं सामान घ्यायला आले, त्यांना अण्णा म्हणाले, “समुद्राचं काम बंद केलंय. मानसाच्या जिवाचा प्रश्न हाय, माझ्या दोरीचा भरवसा ऱ्हायला न्हाई.”

मी ते ऐकलं, जंतांच्या औषधाची बाटली विसरलोय असं काहीतरी पुटपुटलो आणि सायकल काढली. असे अकरा महिने गेले. मी दुकानाच्या रस्त्यानं जायचं टाळायला लागलो.

शेवटी रसूलभाईच दवाखान्यात आले. बरोबर जनावर नव्हतं. बाकावर बसले आणि म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही येत नाही आता. अण्णा बघा जरा. बैलांचे कासरे पण बाहेरून मागवायला लागलाय. स्वतः वळत नाही. परवा मी म्हटलं, अरे अण्णा, एक तुटलं तर काय झालं? तर म्हणतो, रसूल, त्या काठीच्या जागी मानूस बांधलेला असता तर? क्या बोलू मैं त्याला?”

माझ्या औषधांच्या कपाटात, मागच्या फळीवर, गाडीतून परत आणलेलं ते दावं होतं. ते मी काढलं. रसूलभाईंच्या देखत पिशवीत घातलं, आणि त्यांच्याच गाडीवर मागं बसून आष्ट्याला गेलो.

अण्णा फळीवर बसले होते. मी दावं त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी एक टोक उचललं, दुसरं टोक उचललं, बोटांनी मध्यापर्यंत चाचपत आले.

“ह्ये तर आख्खं हाय.”

“व्हय.”

“म्हंजी तुटलं न्हवतं?”

“मी लावलंच नव्हतं, अण्णा. गाडीत ठेवलं होतं.”

मला वाटलं आता चाबूक काढतील. मागच्या भिंतीवर वीसपंचवीस होते. अण्णा ताडकन उठले, तसेच अनवाणी रस्त्यावर गेले आणि ओरडले, “रसूल! ए रसूल! तुटलं न्हवतं रं! आख्खं हाय! आरं बघ की, आख्खं!” रसूलभाई गाडी लावत होते, त्यांना धरून गदागदा हलवलं. पानवाल्याला दाखवलं. एका अनोळखी मोटारसायकलवाल्याला थांबवून दाखवलं. “डाक्टरनं खोटं सांगितलं हुतं!” हे ते इतक्या आनंदानं सांगत होते, की लोक माझं अभिनंदन करायला लागले.

मग पैलवानाला आणला. दावं त्याच्या गळ्यात, दुसरं टोक दुकानाच्या छपराच्या बांबूला, समोर मका. पैलवान एव्हाना वर्षानं मोठा आणि दुप्पट जाड झाला होता. पाच मिनिटं ओढलं, सात मिनिटं ओढलं. आठव्या मिनिटाला बांबू उपसला, ताडपत्री खाली आली, घुंगुरमाळा खणखणत रस्त्यावर पसरल्या आणि पैलवान अर्धं छप्पर घेऊन कापसाच्या ढिगात घुसला. दावं तसंच. अण्णा ताडपत्रीखालून बाहेर आले ते नाचतच. खरोखर नाचत, धनगरी गजनृत्यात नाचतात तसं, एक हात वर, पटका सुटलेला. मका खाणाऱ्या एडक्याचा त्यांनी मुका घेतला.

दमल्यावर माझ्याशेजारी पायरीवर बसले.

“आनि काठी माशानं न्हेली त्ये?”

“मासा नव्हता. फोन काढताना पडली.”

यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. “बारका बी न्हवता?”

“नव्हता.”

“आता गं. लय मोटा करून ठिवला हुता मी त्येला.” मग विचारलं, “मला का न्हेलं न्हाईस?”

एवढं बोललोच होतो, तर तेही बोललो. “लाज वाटली.”

“माजी?”

“तुमच्या पटक्याची. गोंड्याची.”

अण्णांनी दावं मांडीवर घेतलं, गोंड्यातला कापूस एकेक तंतू करून काढला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “लाल गोंडा हिरव्या पान्यात लांबनं दिसतो रं. त्येच्यासाठी लावलाय. तू इच्यारायचं तरी.” आणि मग, “बरं. गाडी कवा काढतोस?”

पुढच्याच रविवारी काढली. रसूलभाईंच्या भाच्याचा टेम्पो. घाट उतरल्यावर अण्णा खिडकीतून मान बाहेर काढून बसले. वळण संपलं आणि ती रेघ एकदम समोर पसरली, तेव्हा त्यांनी टेम्पो थांबवायला लावला, उतरले, बघितलं, परत बसले. किनाऱ्यावर पोचल्यावर सरळ पाण्यात गेले, ओंजळभर तोंडात घेतलं आणि थुंकून म्हणाले, “येवडं पानी आनि प्यायला थेंब न्हाई? माझ्या गावावानीच हाय की ह्यो!” त्यावर स्वतःच एवढे हसले, की जाळी सोडवणाऱ्या दोन कोळणीही हसायला लागल्या. “आजोबा, कुठनं आलात?” “माणातनं.” “तिथं समुद्र आहे?” “भिंतीवर हाय.”

मग ताट काढलं. पाच लुअर. आणि अख्ख्या पश्चिम महाराष्ट्राला कुठला लुअर कधी लावायचा ते शिकवणाऱ्या या माणसाला एक निवडता येईना. चांदी उचलली, ठेवली. भोरी उचलली. पाण्याकडं बघितलं, काळुंद्री उचलली. “डाक्टर, तू सांग.” मी म्हणालो, सकाळ आहे, समुद्र गप आहे, भवानी. “तिला बुडबुड करायला लागती. हे येवडं गप हाय, कशाला उटवायचं?” अर्धा तास असा गेला. शेवटी त्यांनी ताट कोळणींजवळ ठेवलं आणि म्हणाले, “मासं ऱ्हाऊ दे. पयलं नुसतं बसून बघतो.”

नारिंगी जाकीट चढवलं, त्यावर पटका. पोहता येत नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतः वळलेला नवा दोर कयाकच्या मागच्या कडीला बांधला. अकरा महिन्यांनंतर वळलेला पहिला दोर, साठ हात लांब. दुसरं टोक माझ्या हातात दिलं. टेम्पोवाला होता, कोळणी होत्या, त्या तर जन्मभर दोर धरणाऱ्या. टोक माझ्याच हातात दिलं.

मी गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. अण्णांनी वल्हं घेतलं. फोनवर बघितलेलं सगळं हातांना ठाऊक होतं; पहिल्या चार फटक्यांत वाकडे गेले, मग सरळ. “ढील दे,” त्यांनी मागं न बघता हाक दिली. मी दिली. “आनि दे.” दिली. दोर माझ्या मुठीतून ओला, खरबरीत सरकत राहिला. पिवळी होडी, नारिंगी जाकीट, लाल पटका असं लहान लहान होत गेलं. त्यांनी वल्हं मांडीवर ठेवलं होतं आणि नुसते बसले होते. मग माझ्या मुठीत शेवटची गाठ आली आणि दोर ताणला गेला.

“का रं?” पाण्यावरून आवाज आला. “संपला का दोर?”

“संपला, अण्णा!”

ते अजूनही पलीकडंच बघत होते.

“मंग तू फुडं ये की!”

मी गेलो. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत, टोक दोन्ही मुठींत डोक्यावर धरून.